सतरा अंश कुठे गेले?

मे महिन्यातल्या दुपारी शेगावात पारा 43 वर असतो, तेव्हा एखाद्या घराच्या खिडकीत बसवलेल्या लोखंडी कूलरच्या तोंडाशी तापमापक धरून बघावा. तो 26 अंश दाखवतो. बाहेरची रणरणती हवा आणि आतला हा गारवा यांच्यामध्ये फक्त दोनेक इंच जाडीचं ओलं गवत असतं. हवा त्या गवतातून जाते, एक सेकंदसुद्धा लागत नाही, आणि पलीकडे निघते ती सतरा अंश गमावून. एवढ्या कामासाठी पंखा आणि पंप मिळून वीज घेतात ती साधारण 200 वॅट. कूलरमध्ये कॉम्प्रेसर नाही, कसला गॅस नाही, घरातली उष्णता बाहेर फेकणारी तांब्याची नळी नाही. मग ते सतरा अंश गेले कुठे?

ते कुठेही गेलेले नाहीत, हेच यातलं नवल आहे. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेत जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते, जेवढी आत शिरणाऱ्या हवेत होती. फक्त आधी ती तापमापकाला दिसत होती, आता दिसत नाही. ती वाफेत दडली आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचा एक प्राध्यापक 1760च्या दशकाच्या सुरुवातीला बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना बघत बसला होता. उष्णता देत राहिलो तरी या दोन्ही वेळी तापमान हलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. दिलेली उष्णता कुठेतरी लपते आहे. शाळेच्या पुस्तकात आपण जिला अप्रकट उष्मा म्हणतो, ती ही. पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूंना धरून असतो, आणि ती पकड सोडवून हवेत उडून जायचं तर त्याला ऊर्जा मोजावी लागते. पाण्याची ही पकड फार घट्ट आहे. एक लिटर पाणी 20 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 335 किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर पाणी उन्हाळ्याच्या हवेत उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल घेऊन जातं. सात पट. तेही चूल न पेटवता, आजूबाजूच्या हवेकडून वसूल करून.

मध्यम आकाराचा कूलर भर दुपारी तासाला दहाएक लिटर पाणी सहज उडवतो. मोठे लोखंडी कूलर याच्या दुपटीनेही पितात. दहा लिटर म्हणजे तासाला 24,000 किलोज्यूल, म्हणजे पावणेसात किलोवॅट. एसीच्या भाषेत सांगायचं तर पावणेदोन टनांहून जास्त थंडावा, 200 वॅटच्या विजेत. हिशेब खरा आहे, मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: हा सगळा थंडावा खोलीच्या वाट्याला येत नाही. कूलरची हवा 26 अंशांनी आत येते आणि खोलीतली ऊब उचलून 30-31 अंशांनी समोरच्या खिडकीतून निघून जाते. खोलीला मिळतात ते मधले चार-पाच अंश. बाकीचा थंडावा बाहेरची हवा राहण्याजोगी करण्यातच खर्ची पडतो. तरीही दिवसाला दोन युनिट विजेत दहा तास हे काम होतं, आणि दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट घेतो. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300, 500 युनिटांचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यात प्रत्येक युनिट महाग होत जातं. महिन्याला 60 युनिट आणि 300 युनिट यांतला फरक म्हणूनच साध्या पाचपटीपेक्षा जास्त बोचतो.

आता एका जुन्या समजुतीचा निकाल लावू. दुपारी पाहुणे आले की कूलरच्या टाकीत बर्फ टाकायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. एवढं काम 140 ग्रॅम पाणी उडून जाण्याने होतं, म्हणजे जेमतेम एक पेलाभर. कूलर तेवढं पाणी एका मिनिटाच्या आत उडवतो. बर्फ फुकट जात नाही, पण एक किलो बर्फासाठी दुकानापर्यंत जाऊन येण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात गवताने त्याच्या कितीतरी पट काम केलेलं असतं. टाकीतलं पाणी कोमट झालं म्हणून ते बदलायची घाईही तशीच व्यर्थ. पाणी 40 अंशांचं असो की 22 चं, फरक पडतो शेकड्याला तीन. सगळी ताकद उडण्यात आहे.

आणि उडण्याची ताकद हवेकडून येते. हवा जेवढी कोरडी, तेवढी ती पाण्याला हपापलेली. ही हाव मोजण्याचं साधन हवामान खात्याच्या प्रत्येक वेधशाळेत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतं: दोन तापमापक शेजारी शेजारी, एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओली मलमल गुंडाळलेली. ओला तापमापक नेहमी कमी आकडा दाखवतो. तो जिथवर उतरतो, तिथवरच त्या दिवशीचा कोणताही साधा कूलर हवा नेऊ शकतो, त्याखाली नाही. हे घरी करून बघायला दोन साधे तापमापक, सुती कापडाची एक चिंधी आणि वारा घालायला पंखा पुरतो. मे महिन्यात बाहेरची हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओला तापमापक 22 च्या आसपास थांबतो. दोन्हींत फरक 21 अंशांचा. चांगलं, सर्वत्र भिजलेलं गवत त्यातले 80 टक्के मिळवून देतं. ते आपले सतरा अंश.

या एकवीस अंशांत वऱ्हाडाचा सगळा भूगोल भरलेला आहे. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, शेगाव मात्र घाटाखाली पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला घाट, समुद्र दूर पश्चिमेला आणि मध्ये सह्याद्री. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे पोचणारी हवा वाटेतच आपली ओल हरवून बसलेली असते. तिकडे मुंबईत मे महिन्यात 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असते. तिथे ओला तापमापक 29 वर अडतो. फरक पाच अंश, कूलरच्या वाट्याला चार. म्हणूनच मुंबईच्या पाहुण्याला कूलर हे खेळणं वाटतं आणि तोच शेगावच्या भक्तनिवासाजवळच्या एखाद्या लॉजमध्ये दुपारी आडवा झाला की थक्क होतो. यंत्र तेच आहे, हवेची भूक वेगळी आहे. जो उन्हाळा आपल्याला भाजतो, तोच कोरडेपणाच्या रूपाने आपल्याला थंड करायची शक्ती फुकट देतो, आणि ती शक्ती जिथे ऊन सर्वांत कडक तिथेच सर्वांत जास्त असते. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी जुनी वाटत नाही.

माणसाने ही शक्ती वीज येण्याच्या फार आधी ओळखली होती. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, ते हेच. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीत वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख आहे, ज्यांच्या भिंतींवर पाणी शिंपडलं की भर उन्हाळ्यात हिवाळा यायचा. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायला गडी ठेवणं ही पुढे साहेबांच्या बंगल्यांतली रीत झाली, आणि एकोणिसाव्या शतकात तर हाताने फिरवायचा लाकडी पंखा आणि वाळ्याच्या ताट्या एका पेटीत बसवून त्याला थर्मँटिडोट असं भारदस्त नाव दिलं गेलं. आजच्या कूलरपासून तो एका मोटरच्या अंतरावर होता. पुढे वाळ्याची जागा लाकडाच्या तासलेल्या तंतूंनी घेतली, ज्याला आपण सरसकट कूलरचं गवत म्हणतो. अलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसणारे जाड कागदी पॅड आले आहेत. त्यांची किंमत जास्त, पण जाडी आणि पृष्ठभाग भरपूर असल्याने तेवढ्याच जागेत हवेला जास्त पाणी भेटतं आणि ते काही हंगाम टिकतात. वाळ्याचा सुगंध मात्र त्यांना नाही.

तर काटकसर म्हणजे काय? बहुतेक घरांत ती विजेच्या बटणाशी शोधली जाते. मला वाटतं, ती आधी समोरच्या खिडकीत शोधावी. दारं-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवला तर अर्ध्या तासात खोली चिकट होते, कपडे दमट वाटू लागतात आणि माणूस म्हणतो, कूलर काम करत नाही. तो काम करतोच आहे, पण वाफेला बाहेर जायला वाट नाही. खोली भरली की पंख्याला नवी हवाही ओढता येत नाही. अंदाज असा की मिनिटाला एक हजार घनफूट हवा देणाऱ्या कूलरसाठी समोरच्या बाजूला एक ते दोन चौरस फूट मोकळी जागा हवी. आणि कूलरचं अंग बाहेर हवं. खोलीच्या आत मधोमध ठेवलेला कूलर स्वतःचीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, आणि ओल्या हवेला पाण्याची भूक नसते. कुठली खिडकी किती उघडायची हे ठरवून थंड हवा घरभर फिरवता येते: झोपायच्या खोलीची खिडकी उघडा, बाकीच्या लावा, हवा आपोआप तिकडेच वळते.

पंख्याचा वेग हा दुसरा धडा. वेगाने हवा जास्त येते, पण गवतात ती कमी वेळ थांबते. मधल्या वेगावर वीज कमी लागते, आवाज कमी होतो आणि प्रत्येक श्वासातली हवा थोडी जास्तच गार असते. खोली एकदा निवली की वरच्या वेगाचं काम संपतं.

रात्रीचा हिशेब तर फारच सुंदर आहे. वऱ्हाडात कूलरसमोर झोपणाऱ्या प्रत्येकाने पहाटे तीन-चारला कुडकुडत चादर ओढलेली आहे. त्याचं कारण असं: कोरड्या दिवशी हवेतली वाफ दिवसरात्र जवळजवळ तेवढीच असते, फक्त तापमान उतरतं. पहाटे 28 अंशांच्या हवेत दुपारइतकीच वाफ असेल तर ओला तापमापक साडेसतरापर्यंत खाली जातो, आणि कूलर 20 अंशांची हवा अंगावर सोडू लागतो. एसी लावून कोणी 20 वर झोपत नाही. मध्यरात्रीनंतर पंप बंद करावा, नुसता पंखा चालू द्यावा. गवत वाळेपर्यंत आणखी काही वेळ गारवा मिळत राहतो आणि नंतर बाहेरची हवाच पुरेशी असते. पंपाची वीज थोडकी, तिच्यात बचत फारशी नाही. खरी बचत पाण्याची आहे. रात्री वाचलेलं पाणी घाटाखालच्या उन्हाळ्यात काय मोलाचं असतं, ते नळ किती दिवसांनी येतो हे मोजणाऱ्या बाईला विचारावं.

इथे आपण खऱ्या खर्चाशी येऊन पोचतो. कूलर विजेवर कमी आणि पाण्यावर जास्त चालतो, आणि या खोऱ्यात पाण्याबरोबर आणखी काहीतरी येतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी इथे खारट आणि जड. शेतकरी त्याला विहिरीच्या चवीवरून ओळखतो, बाई डाळ शिजत नाही यावरून ओळखते, आणि कूलर त्याला गवतावर चढणाऱ्या पांढऱ्या थरावरून ओळखतो.

समजा, नळाच्या पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार आहेत आणि बोअरच्या पाण्यात 1500. दोन्ही आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत; आपल्या पाण्याचा आकडा टीडीएस मीटरवर एका मिनिटात कळतो. कूलर दिवसाला 100 लिटर पाणी उडवतो. उडतं ते फक्त पाणी. वाफेबरोबर मिठाचा एक कणसुद्धा वर जात नाही. म्हणजे नळाचं पाणी वापरलं तर दिवसाला 30 ग्रॅम क्षार मागे राहतात, बोअरचं वापरलं तर 150 ग्रॅम. नव्वद दिवसांच्या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याने त्या लोखंडी पेटीत साडेतेरा किलो क्षार आणून ठेवलेले असतात. साडेतेरा किलो! गव्हाच्या छोट्या पोत्याएवढं मीठ आणि चुना, एका खोलीच्या गारव्यापायी, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

असंच आणि याच नियमाने घडलेलं एक जगप्रसिद्ध ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या खड्ड्यात आहे. त्यात झरे उतरतात, पावसाचं पाणी उतरतं, पण त्यातून बाहेर जाणारा एकही ओढा नाही. पाण्याला निघायची वाट एकच, वर. हजारो वर्षं पाणी उडत राहिलं, क्षार मागे राहिले, आणि सरोवर खारट आणि अतिशय अल्कधर्मी झालं. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा देशभर चर्चा झाली, आणि त्याच वर्षी त्याला पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. तळाचं भोक बंद ठेवून रोज नुसतं पाणी भरत जाणारा प्रत्येक कूलर हे एक छोटं लोणार आहे. फरक इतकाच, की लोणारला जे करायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या ते कूलर एप्रिल ते जूनमध्ये उरकतो.

पांढऱ्या थराची रसायनकथा मात्र गुहांमधल्या चुनखडीच्या झुंबरांची आहे. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी गवतावर पातळ पसरलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, पाणी आटतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट दगड होऊन बसतं. हा दगड गवताच्या तंतूंमधल्या जागा बुजवतो, वरच्या नळीतली भोकं बुजवतो, पंपाच्या पात्यांवर चढतो. एक भोक बुजलं की त्याखालची गवताची पट्टी कोरडी पडते, आणि त्या कोरड्या पट्टीतून 43 अंशांची हवा सरळ आत येते. हवा नेहमी सोपी वाट धरते, आणि ओल्या गवतापेक्षा कोरडं गवत तिला सोपं. चार बोटं रुंदीची कोरडी पट्टी सगळ्या गवताची मेहनत पाण्यात घालवू शकते. म्हणून कूलर थंड करत नाही अशी तक्रार आली की मोटरकडे वळण्याआधी गवतावर हात फिरवावा आणि कोरडं कुठे लागतं ते बघावं. नळीची भोकं तारेने मोकळी करायला पाच मिनिटं लागतात.

यावरचा इलाज महागडा नाही, पण मनाला पटायला अवघड आहे: चांगलं दिसणारं पाणी फेकून द्यायचं. बाष्पीभवनाने टाकीतले क्षार मूळ पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, हे ठरवलं की किती पाणी सोडायचं ते निघतं. 300 चं पाणी पाचपट दाट होऊ दिलं, म्हणजे 1500 पर्यंत, तर 100 लिटर उडाल्यामागे 25 लिटर सोडावं लागतं. बोअरचं पाणी मुळातच 1500 आहे. ते दुपटीवर रोखायचं म्हटलं तर 100 लिटर उडवण्यासाठी 100 लिटर सोडावं लागेल. म्हणजे खारं पाणी स्वस्त दिसतं, पण लागतं 125 च्या जागी 200 लिटर. गोडं पाणी पिण्याला पुरत नसताना ते कूलरला घाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या घराच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी हौदात साठवता येतं, त्या घराने त्यातला वाटा कूलरसाठी ठेवायला हरकत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. सोडलेलं पाणी संडासाला, अंगण धुवायला चालतं. झाडांना मात्र घालू नये. काळ्या मातीत ते क्षार साठत जातात, आणि इथल्या मातीला आधीच त्यांचा पुरेसा जाच आहे.

शेगावात पाण्याविषयी बोलताना कुणालाही अकोलीच्या भास्कर पाटलांच्या कोरड्या विहिरीची कथा आठवेल. गजानन महाराजांना त्या रखरखीत दुपारी प्यायला पाणी नाकारलं गेलं आणि मग विहिरीला पाणी लागलं, असं भक्त सांगतात. ज्या गावाच्या भक्तीच्या केंद्राशीच उन्हातली तहान आहे, तिथे दिवसाला शंभर लिटर पाणी हवेत उडवणं योग्य का, हा प्रश्न मला खरा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना शेगावहून अकोल्याकडे जाणारी गाडी उपयोगी पडते. नागझरीनंतर पारस लागतं. तिथल्या औष्णिक केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशाच्या उष्णतेतला मोठा भाग विजेत बदलत नाही. तो पाण्याला द्यावा लागतो आणि ते पाणी थंड करायला कूलिंग टॉवर लागतात. कूलिंग टॉवरमध्ये काय होतं? पाणी खाली टपकतं, हवा वर जाते, थोडं पाणी उडतं, बाकीचं निवतं. खिडकीतल्या कूलरचीच ही युक्ती, फक्त राक्षसी आकारात, आणि क्षार साठू नयेत म्हणून तिथेही पाणी सोडावंच लागतं. केंद्र सरकारने 2015 साली अशा केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. त्या हिशेबाने दहा युनिट खाणारा एसी दूर कुठेतरी दिवसाला 35 लिटर पाणी उडवत असतो, शिवाय कोळसा जाळत असतो. म्हणजे पाण्यात कूलर महाग आहे हे खरं, पण एसी कोरडा आहे हे खरं नाही. माझा कौल दुपारी कूलरला, रात्री नुसत्या पंख्याला. आणि दोन्हींच्या आधी छताला.

कारण घर तापूच दिलं नाही तर थंड करायला कमी लागतं. वऱ्हाडातली जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड छताने दुपारची उष्णता अडवत आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होई. आजच्या सिमेंटच्या स्लॅबला तो संयम नाही. संध्याकाळी सातला हात वर करून स्लॅबला लावला तर तो चटका देतो. एप्रिलच्या सुरुवातीला गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले की ऊन बरंचसं परत फिरतं. काटकसरीतलं इतकं स्वस्त आणि इतकं दुर्लक्षित काम दुसरं मला माहीत नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांत काटकसर करायची नाही. कूलर म्हणजे लोखंड, पाणी आणि वीज एकाच पेटीत. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यात लहान मुलं असतात. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढायचा. तीन पिनांचा प्लग आणि खरंखुरं अर्थिंग हवंच, आणि घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळणारा प्रवाह ओळखून तो क्षणार्धात वीज तोडतो. त्याचा खर्च एका हंगामाच्या गवतापेक्षा जास्त असेल, पण तो जीव वाचवतो. दुसरी गोष्ट डासांची. डेंगीचा एडिस डास टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. पाणी नुसतं ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत, आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती घासायच्या. तीच वेळ दाट झालेलं खारं पाणी सोडण्याची. एका कामात दोन्ही साधतात.

थर चढलेल्या प्लॅस्टिकच्या भागांना लिंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवावं. बुडबुडे येतात ते गवतावर दगड होताना हवेत गेलेल्याच वायूचे. लोखंडी पत्र्यावर मात्र लिंबूसत फार वेळ ठेवू नये, ते जस्ताचा मुलामा खातं. टाकीचा तळ आतून कोरडा करून हंगामाआधी गंजरोधक रंगाचा हात दिला की खाऱ्या पाण्यातही पत्रा बरीच वर्षं तग धरतो.

जूनमध्ये ओल्या आणि कोरड्या तापमापकातला फरक रोज कमी होताना दिसतो. वीस, मग पंधरा, मग दहा. अरबी समुद्रावरून निघालेली वाफ घाटाखाली पोचत असते, आणि ती ढगात परत पाणी होताना समुद्रावर घेतलेली सगळी अप्रकट उष्णता आकाशात सोडून देते. वादळी ढग वर झेपावतात ते त्याच ताकदीवर. जुलैत 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक 28 वर असतो, फरक फक्त चार अंश. फरक सहाच्या खाली आला की पंप बंद करावा. त्यापुढे कूलर थंडावा कमी आणि ओल जास्त देतो. मग टाकी सुकवायची, पंप गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवून क्षार धुवायचे, पंख्याच्या मोटरला तेल द्यायचं, आणि जुनं गवत उतरवून उन्हात वाळवायचं. ते फेकण्याआधी एकदा वजनकाट्यावर ठेवा. नवं घेतलं तेव्हा ते किती भरलं होतं हे चैत्रात लिहून ठेवलेलं असेल, तर वाढलेलं वजन म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या जमिनीचा तेवढा भाग तुमच्या खिडकीत येऊन बसला होता.